गौताळ्याची राखण

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता आमच्या धर्मग्रामातील काही कुटुंबांना घेऊन आम्ही पितळखोऱ्याची लेणी पाहण्यास गेलो होतो. रविवारचा सकाळचा ख्रिस्तयाग आटोपून उस्मानपुऱ्यातून बस निघाली. दौलताबादचा किल्ला मागे पडला, खुलताबादचा चढ संपला, वेरूळ आले, आणि बस तेथे न थांबता तशीच कन्नडच्या दिशेने पुढे निघाली तेव्हा मुलांना मोठे नवल वाटले. पाहुणे आले की त्यांना वेरूळ किंवा अजिंठा दाखवावयाचे, हा आपल्या शहरातील कुटुंबांचा जुना शिरस्ता. त्यापलीकडे, सातमाळ्याच्या डोंगररांगेत, एक अरण्य आहे आणि त्या अरण्याच्या पोटात दोन हजार वर्षांचा इतिहास दडलेला आहे, याची वार्ता फार थोड्यांना असते.

पितळखोऱ्याच्या माथ्यावर उतरून आम्ही पायऱ्यांनी दरीत उतरू लागलो. शेजारी धबधबा कोसळत होता. आमच्याबरोबर महाविद्यालयात शिकणारा एक तरुण होता. तो मध्येच थांबून म्हणाला, ‘‘फादर, ही लेणी बौद्धांची. खाली पाटणला देवी आहे ती हिंदूंची. पलीकडचा किल्ला मुसलमान राजांचा आणि घाट इंग्रजांचा. मग ह्यात आपलं काय आहे?’’

आम्ही उत्तर दिले की, सृष्टी परमेश्वराची आहे, म्हणून ती सर्वांची आहे. उत्तर चुकीचे नव्हते. तथापि सेमिनरीत शिकलेली उत्तरे बरोबर असली तरी ती नेहमीच पुरेशी असतात असे नाही. तो तरुण आदराने गप्प राहिला, परंतु त्याचे समाधान झाले नव्हते. आणि खरे सांगावयाचे तर आमचेही झाले नव्हते. त्या दिवशी जे सांगता आले नाही ते या लेखात सविस्तर मांडावे, असा आमचा मानस आहे.

डोंगर, पाणी आणि अरण्य

‘राष्ट्रीय उद्यान’ हा शब्द आपल्याकडे पुष्कळदा सैलपणे वापरला जातो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्य असे दोन वेगळे दर्जे मानले आहेत. राष्ट्रीय उद्यानात चराईसारख्या मानवी हक्कांना जवळजवळ वाव नसतो. अभयारण्यात असे काही हक्क नियमांच्या चौकटीत चालू राहू शकतात. महाराष्ट्रात ताडोबा, पेंच, नवेगाव, गुगामल, चांदोली आणि मुंबईचे संजय गांधी उद्यान अशी सहा राष्ट्रीय उद्याने आहेत. मराठवाड्यात त्यांपैकी एकही नाही. आपल्या जिल्ह्याच्या वाट्याला जे आले ते ‘गौताळा औट्रमघाट अभयारण्य’ होय. १९८६ साली ते घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे २६० चौरस किलोमीटर असून त्यातील सुमारे १९७ चौरस किलोमीटर आपल्या छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबाद, जिल्ह्यात आणि उरलेले जळगाव जिल्ह्यात मोडते. येथे गौतम ऋषींनी तप केले आणि त्यांच्या नावावरून गौताळा हे नाव पडले, अशी लोकांची श्रद्धा आहे.

या डोंगराचा जन्म ज्वालामुखीतून झाला. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हारसाचे थर एकावर एक पसरत गेले. त्यांतील काही थर कठीण, तर काही सच्छिद्र व ठिसूळ झाले. पुढे कोट्यवधी पावसाळ्यांनी ते कोरून काढले आणि आजच्या दऱ्या व कडे तयार झाले. डोंगराच्या उत्तरेस खानदेशाचे मैदान खोल उतरते. दक्षिणेस मराठवाड्याचे पठार हळूहळू गोदावरीकडे झुकते. त्यामुळे माथ्यावर पडणाऱ्या पावसाची जणू वाटणी होते. उत्तरेकडे वळलेले पाणी डोंगरी नदीने चाळीसगावास, तेथून गिरणेत, मग तापीत आणि शेवटी अरबी समुद्रात जाते. दक्षिणेकडे वळलेले पाणी शिवनेच्या वाटेने गोदावरीस मिळून बंगालच्या उपसागरास पोहोचते. एकाच ढगातून पडलेले दोन थेंब येथे कायमचा निरोप घेतात.

वनशास्त्रज्ञ या अरण्यास उष्ण कटिबंधातील शुष्क पानझडी वन म्हणतात. साग, सालई, धावडा, खैर, अंजन, पळस, मोह, टेंभुर्णी, बहावा, आपटा, बोर ही येथील झाडे. उन्हाळ्यात हे अरण्य पाहणाऱ्यास ते मेलेले वाटेल. पाने गळून पडतात, नाले आटतात, कातळ तापतो. परंतु त्याच दिवसांत पळस पेटतो, मोह फुलतो आणि पहिल्या पावसानंतर पंधरा दिवसांच्या आत सारा डोंगर हिरवा होतो. बिबट्या, अस्वल, लांडगा, तरस, नीलगाय, चिंकारा, भेकर, रानडुक्कर, वानर आणि मोर यांचे येथे वास्तव्य आहे. तापलेल्या कातळावर आठ महिने तग धरून राहणारे हे जीवन मराठवाड्यातील माणसाच्या जीवनासारखेच आहे, असे आम्हांस नेहमी वाटते.

खांबांवरची नावे

कन्नडच्या पश्चिमेस, अभयारण्याच्या एका घळीत, पितळखोऱ्याची चौदा लेणी आहेत. त्यांतील सर्वांत जुनी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील, म्हणजे अजिंठ्याच्या प्रारंभीच्या लेण्यांच्या सुमाराची आहेत. प्रतिष्ठान, अर्थात आपले पैठण, ही त्या काळातील मोठी नगरी. तेथून निघालेला व्यापारी माल हे डोंगर ओलांडून खानदेशात उतरे आणि पुढे भडोचच्या बंदराकडे जाई. अशा वाटेवरच्या एकांत दरीत भिक्खूंनी वर्षावासासाठी जागा निवडली. ग्रीक भूगोलकार टॉलेमी याने उल्लेखिलेले ‘पेत्रिगल’ हेच असावे, असे काही अभ्यासक मानतात.

ही लेणी कोणी एका राजाने खोदविलेली दिसत नाहीत. येथील खांबांवर व भिंतींवर ब्राह्मी लिपीत दात्यांची नावे आहेत. पैठणच्या मितदेव नावाच्या गंधिकाने, म्हणजे अत्तरे व सुगंधी द्रव्ये विकणाऱ्याने, एक खांब दिला. पैठणच्याच संघक नामक गृहस्थाच्या पुत्रांनी दुसरा दिला. मगिल नावाच्या राजवैद्याने व त्याच्या मुलाबाळांनी दान केले, हेही कोरलेले आहे. त्यात त्याच्या मुलीचेही नाव आहे. येथेच सापडलेली यक्षाची एक हसरी, बुटकी मूर्ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिच्या हातावर ती कण्हदास नावाच्या सोनाराने घडविली असे लिहिले आहे. भारतातील इतक्या जुन्या मूर्तीवर ती घडविणाऱ्या कारागिराचे नाव क्वचितच सापडते.

आम्ही जमलेल्या कुटुंबांना हे सांगितले तेव्हा एक भगिनी चटकन म्हणाल्या, ‘‘म्हणजे आपल्या चर्चमधल्या बाकांवर नावं असतात तसंच की!’’ उपमा अगदी नेमकी होती. आपल्या मंदिरात बाकावर, घंटेवर, पंख्यावर ‘अमुक यांच्या स्मरणार्थ अमुक कुटुंबाकडून’ असे लिहिलेले असते. पैठणचा अत्तरविक्या आणि आपल्या धर्मग्रामातील कुटुंब यांच्यामध्ये दोन हजार वर्षांचे अंतर आहे; पण कमाईतला एक वाटा बाजूला काढून तो पूजास्थानास द्यावा आणि आपले नाव तेथे राहावे, ही मानवी इच्छा दोघांची एकच आहे.

चौथ्या क्रमांकाच्या विहाराच्या जोत्यावर हत्तींची रांग कोरलेली आहे, दारावर द्वारपाल उभे आहेत. पाच फण्यांचा एक नागही आहे. त्याच्या मागे दगडातून पन्हळ काढलेली असून वरचे पाणी फण्यांतून खाली पडावे अशी योजना त्या कारागिरांनी केली होती. पाणी हे येथे वैरी आणि मित्र दोन्ही आहे. सच्छिद्र थरांतून झिरपणाऱ्या पाण्याने शतकानुशतके कातळ सडविला, दर्शनी भाग कोसळले आणि लेणी मलब्याखाली गेली. १९५० च्या दशकात भारतीय पुरातत्त्व खात्याचे म. न. देशपांडे यांच्या देखरेखीखाली तो मलबा उपसला गेला, तेव्हा कितीतरी शिल्पे पुन्हा उजेडात आली. लेण्यांत पुढच्या काळातील, इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकांतील बुद्धचित्रांचे अवशेषही आहेत. म्हणजे मध्यंतरी ओस पडलेली ही जागा दुसऱ्या पिढ्यांनी पुन्हा जागविली. परंतु आधीच्यांनी कोरलेली नावे त्यांनी पुसून टाकली नाहीत.

पाटणचा मठ

पितळखोऱ्याच्या घळीतून उतरणारे पाणी उत्तरेस ज्या खोऱ्यात जाते तेथे, चाळीसगावच्या बाजूस, पाटण अथवा पाटणादेवी हे स्थान आहे. आज तेथे चंडिकेचे मंदिर, एक मध्ययुगीन शिवमंदिर आणि सभोवती अरण्य एवढेच दिसते. परंतु यादवांच्या काळी ही निकुंभ घराण्यातील मांडलिकांची नांदती नगरी होती. येथील एक शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी शोधला आणि १८६५ साली त्याची माहिती विद्वानांपुढे ठेवली.

तो लेख इसवी सन १२०७ चा आहे. थोर गणिती भास्कराचार्य यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याचा मुख्य ज्योतिषी होता. आपल्या आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन अखंड चालावे म्हणून त्याने येथे एक मठ स्थापिला, असे त्यात नमूद आहे. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ मधील, म्हणजे इसवी सन १११४ चा. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ हा ग्रंथ पूर्ण केला; ‘लीलावती’ हा त्यातील अंकगणिताचा भाग. मुलांनी शाळेत सोडविलेल्या कितीतरी गणितांचे मूळ त्यात आहे.

शिलालेखाचा मोठा भाग संस्कृतात आहे. वंशावळ, राजस्तुती, विद्येचा गौरव हे सारे संस्कृतात सांगितले आहे. शेवटी मठाचा खर्च कसा चालावा हे सांगण्याची वेळ येते, तेव्हा लेखाची भाषा बदलते आणि तो जुन्या मराठीत बोलू लागतो. पाटणच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरील कराचा वाटा मठास मिळावा, तेलाच्या घाण्यामागे पळीभर तेल मिळावे, अशा त्या तरतुदी आहेत. कारण हे ज्यांना पाळावयाचे होते ते बाजारकरी व तेली मराठी बोलणारे होते. ग्रहगोलांचे गणित शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या दिव्यात तेल्याच्या घाण्यातील तेल जळत होते. मराठी भाषेच्या प्राचीन लेखांत गणल्या जाणाऱ्या या ओळी अशा साध्या देण्याघेण्याच्या आहेत, याचे आम्हांस कौतुक वाटते. पुढे मठ गेला, नगरी गेली, बाजार उठला. ती जागा अरण्याने परत घेतली.

वाट अडविणारे, वाट राखणारे

याच रांगेत अंतुरचा किल्ला उभा आहे. त्याच्या वाटेवर निजामशाहीच्या काळी दिशा दाखविणारा एक दगड उभारण्यात आला होता. कोणती वाट कोणत्या गावास जाते हे त्याच्या बाजूंवर फारसी लिपीत कोरलेले होते. वाटसरू चुकू नये ही काळजी त्या राज्यकर्त्यांनाही होती.

राजांची नावे राहिली. परंतु या डोंगरात पिढ्यान्पिढ्या राहणाऱ्या भिल्लांची नावे कोणी कोरून ठेवली नाहीत. पूर्वी कित्येक घाटांची राखण भिल्ल नाईकांकडे असे आणि त्याबद्दल त्यांस हक्काचा वाटा मिळे. पेशवाईच्या उत्तरकाळात ही घडी मोडली. १८०२ ते १८०४ या वर्षांत लूटमार आणि दुष्काळ यांनी खानदेश उद्ध्वस्त झाला. उपाशी भिल्ल लुटीस प्रवृत्त झाले आणि राज्यकर्त्यांनी त्यांची निर्दयपणे कत्तल केली. १८१८ साली खानदेश इंग्रजांकडे गेला. त्यांनीही आरंभी बळाचाच प्रयोग करून पाहिला. तो फसला, तेव्हा १८२५ साली जेम्स औट्रम या तरुण अधिकाऱ्यावर भिल्लांची पलटण उभारण्याची कामगिरी सोपविण्यात आली. तो त्यांच्यात राहिला, त्यांच्याबरोबर शिकारीस गेला, त्यांचा विश्वास त्याने मिळविला. ज्यांना लुटारू ठरविले होते त्यांच्याच हाती पुन्हा राखण आली. कन्नडहून चाळीसगावास उतरणारा घाट आजही औट्रमच्या नावाने ओळखला जातो.

या कथेस दुसरी बाजू आहे आणि ती सांगितली पाहिजे. औट्रमने आणि त्याच्या सोबत्यांनी खानदेशात मारलेल्या वाघांची संख्या शेकड्यांत मोजली जाते. त्या काळी ते शौर्य मानले जाई. माणसांशी जुळवून घेणाऱ्या त्या अधिकाऱ्यास अरण्याशीही जुळवून घेतले पाहिजे, हे सुचले नाही. त्याच्या काळातील फारच थोड्यांना ते सुचले असेल.

आपल्या हातचे पान

भिक्खू, व्यापारी, गणिती, सुलतान, भिल्ल, इंग्रज अशी माणसे या डोंगरात येत गेली. प्रत्येक नव्याने येणाऱ्यापुढे एकच प्रश्न होता : आपल्या आधी जे येथे आहे त्याच्याशी कसे वागावे? हा प्रश्न ख्रिस्ती माणसासही टाळता येत नाही. गौताळ्यात आपल्या पूर्वसूरींची ही कसोटी लागली नाही. ती लागली कोकणात, आज जेथे मुंबईचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे तेथे. म्हणून वाचकांस थोडा वेळ तिकडे घेऊन जातो.

सुमारे १०४ चौरस किलोमीटरांच्या त्या उद्यानात कान्हेरीची शंभराहून अधिक बौद्ध लेणी आहेत. तेथेही कल्याण, सोपारे येथील व्यापाऱ्यांनी व कारागिरांनी दिलेल्या दानांचे लेख आहेत. पितळखोऱ्याचे ते जणू थोरले भावंडच. १५३४ साली वसई व साष्टीचा प्रदेश पोर्तुगीजांकडे आला आणि त्यांच्यामागून फ्रान्सिस्कन मिशनरी आले. त्यांत अंतोनियो दो पोर्तो हे प्रमुख होते. दिओगो दो कूतो या पोर्तुगीज बखरकाराने लिहून ठेवले आहे की, कान्हेरीस राहणाऱ्या दोन योग्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि तेथील एका लेण्याचे संत मिखाएल यांच्या नावाने मंदिर करण्यात आले. फादर अंतोनियो यांनी तेथील एका भुयाराचा शोध घेण्यासाठी शिधा बरोबर घेऊन सात दिवस चाल केली, अशीही हकीकत तो सांगतो. उद्यानाच्या हद्दीबाहेर, बोरिवलीस, मंडपेश्वरचे शैव लेणे आहे. त्याचे प्रार्थनामंदिर करण्यात आले आणि त्याच्या माथ्यावर मठ व चर्च उभे राहिले. तेथील एका भिंतीवरचे जुने शिल्प तासून त्या जागी कोरलेला मोठा क्रूस आजही दिसतो. १७३९ पर्यंत मराठ्यांनी साष्टी व वसई जिंकली आणि पुढे तो मठही ओसाड झाला. आज लेणे भग्न आहे आणि त्यावरच्या मठाच्या भिंतीही भग्न आहेत.

त्या क्रुसापुढे आम्ही एकदा उभे राहिलो आहोत. क्रूस पाहिला की आपले मस्तक आपोआप नमते, तेथेही नमले. परंतु त्याच क्षणी मनात शरमही दाटून आली. ज्या कारागिराने ते पहिले शिल्प घडविले होते त्याचीही ती प्रार्थनाच होती. त्या मिशनरींच्या श्रद्धेविषयी व कष्टांविषयी आम्हांस शंका नाही. ते आपल्या काळाची माणसे होती आणि त्या काळी जेत्याने जिंकलेल्यांची पूजास्थाने बदलणे अनेक धर्मांच्या राजवटींत घडले. तरीही घडले ते झाकून ठेवणे योग्य नव्हे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली अन्य धर्मांविषयीच्या आपल्या घोषणेत, त्यांत जे सत्य व पवित्र आहे त्याचा ख्रिस्तसभा अव्हेर करीत नाही, असे स्पष्टपणे सांगितले. ती शिकवण आम्ही सेमिनरीत पुस्तकातून वाचली. तिची गरज काय होती ते मंडपेश्वरच्या भिंतीने शिकविले.

तेव्हा त्या तरुणास आमचे पहिले उत्तर हे, की या वारशात आपलेही पान आहे. ते अभिमानाने मिरविण्यासारखे नाही. पण वारसा म्हणजे केवळ मिरविण्याजोग्या गोष्टींची यादी नव्हे. घरातील मुलास वडिलांची जमीन मिळते तसे त्यांचे कर्जही मिळते.

आजचे अरण्य

मार्च २०२१ मध्ये गौताळ्यात एक अपूर्व घटना घडली. कित्येक दशके जेथे वाघ नव्हता तेथे वाघ आला. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेला तो तरुण नर ३०० किलोमीटरांहून अधिक अंतर तोडून, शेते, रस्ते व गावे ओलांडून येथवर पोहोचला आणि वनखात्याच्या कॅमेऱ्यात टिपला गेला. औट्रमच्या काळात जो वंश येथून संपत गेला त्यातील एकाने ही जागा अजून राहण्याजोगी आहे काय, हे येऊन पाहिले.

त्याच वर्षी ३१ ऑगस्टला दुसरी घटना घडली. अतिवृष्टीने घाटात दरडी कोसळल्या, महामार्ग बंद पडला आणि खाली डोंगरी व तितूर या नद्यांच्या पुराने चाळीसगाव परिसरात हाहाकार उडाला. डोंगराची झाडी ही खालच्या गावांची ढाल असते. मुळे माती धरून ठेवतात, पालापाचोळा पाणी जिरवतो. माथा उघडा पडला की पाणी थांबत नाही, आणि मग ते पितळखोऱ्याच्या कातळासही सोडत नाही व खालच्या बाजारपेठेसही सोडत नाही. लेणी, अरण्य आणि शेजारची गावे यांची राखण ही वेगवेगळी कामे नाहीत. पुढे २०२३ साली उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशावरून या घाटातून जड वाहनांस बंदी करण्यात आली.

संकटे आणखीही आहेत. उन्हाळ्यातील वणवे, अतिचराई, जळणासाठी होणारी तोड आणि सहलींबरोबर येणारा प्लास्टिकचा कचरा. यांतील शेवटच्या संकटात आपलाही हातभार असतो. त्या दिवशी आमची मंडळी जेवून उठली तेव्हा धबधब्याच्या काठी कागदी ताटल्या आणि वेफर्सच्या पिशव्या पडलेल्या होत्या. त्या आम्हीच वेचावयास लावल्या. परंतु त्या आधी आपल्याच हातांनी टाकल्या गेल्या होत्या, हे विसरून चालणार नाही. दुसरीकडे, अभयारण्याच्या कडेच्या वस्त्या व तांड्यांवरील गरीब माणसास केवळ नियम सांगून भागणार नाही. त्याच्या चुलीस जळण आणि त्याच्या जनावरास चारा कोठून येणार, याचा विचार न करता केलेले संरक्षण न्याय्य ठरत नाही आणि टिकतही नाही.

आजींचे उत्तर

परतीच्या वाटेवर कन्नडजवळ चहासाठी बस थांबली. आमच्याबरोबर कन्नड तालुक्यातीलच एका खेड्यात वाढलेल्या एक आजी होत्या. दिवसभर त्या फारशा बोलल्या नव्हत्या. तरुणाचा सकाळचा प्रश्न त्यांनी ऐकला होता, हे तेव्हा कळले. त्याला जवळ बसवून घेऊन त्या म्हणाल्या, ‘‘बाळा, बहात्तरच्या दुष्काळात मी एवढीशी व्हते. बाप खडी फोडाया जायचा अन् माय ह्या डोंगरात. मोहाची फुलं आणायची, टेंभुर्ण्या आणायची, डिंक आणायची. त्याच्यावर आम्ही चार भावंडं जगलो. आन् लाकडं बी तोडली, खोटं कशाला सांगू? चूल पेटाया पाहिजे व्हती.’’

तो तरुण काहीच बोलला नाही. आम्हीही बोललो नाही. आम्ही सकाळी जे तत्त्व म्हणून सांगितले होते, ते आजींनी आपल्या आयुष्यातून सांगितले होते. आपल्या धर्मग्रामातील कितीतरी कुटुंबे याच भागातील खेड्यांतून शहरात आली आहेत. त्यांच्या घरी डोंगराचे असे उपकार कोणाच्या ना कोणाच्या आठवणीत असतील. अरण्याने त्यांना दुष्काळात पोसले तेव्हा त्यांचा धर्म विचारला नाही. आणि आजींनी घेतलेल्याबरोबर तोडलेलेही सांगितले, हे आम्हांस त्याहून मोलाचे वाटले. मंडपेश्वरच्या भिंतीपुढे जे आम्हांस जड गेले ते त्यांनी चहाच्या टपरीवर सहज केले.

उत्पत्तीच्या पुस्तकात परमेश्वराने मनुष्यास बागेत ठेवले ते दोन कामांसाठी : मशागत आणि राखण. मालकीचा तेथे उल्लेख नाही. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पृथ्वीस आपणा सर्वांचे घर म्हटले आणि तिचा आक्रोश व गरिबांचा आक्रोश एकत्र ऐकण्यास सांगितले. गौताळ्यात ते दोन्ही एकाच पायवाटेवर ऐकू येतात. शेताची राखण करणारा माणूस पुष्कळदा त्या शेताचा धनी नसतो. पण पीक घरी येते ते त्याच्या जागरणामुळे. पितळखोऱ्याचे खांब आपण दिले नाहीत, पाटणचा मठ आपण चालविला नाही. परंतु आज त्यांची राखण करणाऱ्यांत आपण असावयास काहीच हरकत नाही.

त्यासाठी मोठी सभा भरविण्याची आवश्यकता नाही. आपापल्या घरातील वडीलधाऱ्यांना बसवून, त्यांच्या लहानपणी डोंगराने काय दिले आणि आपण डोंगराचे काय घेतले, हे मुलांनी लिहून काढावे. सहलीस गेलो तर नेलेली प्रत्येक वस्तू परत आणावी. लेण्याच्या भिंतीवर आपले नाव ओरखडण्याचा मोह मुलांस होऊ देऊ नये. तेथे आधीच पुरेशी नावे आहेत आणि ती वाचण्यास एक आयुष्य पुरणार नाही. आपल्या धर्मग्रामात बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या आपण कुलपात जपतो. कारण त्यांत आपल्या आजोबा-पणजोबांची नावे आहेत. पितळखोऱ्याचे खांब ही अशीच एक नोंदवही आहे. तिला कुलूप नाही.

यंदाही पावसाळा सरल्यावर बस निघेल. तो तरुण आताच विचारून गेला आहे की, कण्हदास सोनाराची मूर्ती दिल्लीस असली तरी तिचा फोटो मिळवून चर्चच्या फलकावर लावता येईल काय. लावता येईल, असे आम्ही त्यास सांगितले आहे.